कंपनीतून आला तसा

मला भीती वाटली की आधी राग येतो. हा आमच्या माहेरचा गुण. माझी आई घाबरली की भांडी आपटते, मी घाबरले की समोर सापडेल त्याला बोलते आणि बाबा घाबरले की गप्प बसतात. आम्हा दोघींचं ठीक आहे, आवाज होतो, निदान कळतं तरी. गप्प बसणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

शिकवलं नव्हतं असं तरी कसं म्हणू? मी अकोल्याजवळच्या एका गावात आरोग्य खात्याची आशाताई आहे. बोंडअळीनं कपाशीची सगळी पराटी खाल्ली, त्या सालानंतर आम्हा बायांना एका हॉलमध्ये बसवून एक ट्रेनिंग दिलं होतं. कोणत्या घरातला माणूस जिवाचं बरंवाईट करून घेईल, ते आधी कसं ओळखायचं. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, रडणाऱ्या-भांडणाऱ्यापेक्षा एकाएकी शांत होऊन आवराआवर करायला लागलेल्या माणसाला जास्त जपा. उसनं आणलेलं परत करतो, कधी न जाणाऱ्याकडे जाऊन भेटून येतो, जवळची वस्तू कुणाच्या तरी हवाली करतो. आम्ही माना डोलावल्या, समोसा खाल्ला, चहा प्यालो आणि आपापल्या गावी आलो. पण तेव्हापासून मला कुणी कपाट लावताना दिसलं तरी मी त्याच्या मागं मागं फिरायची. एकदा नवऱ्यानं स्वतःहून माळा झाडला तर मी त्याच्या अंगावर धावून गेले, "काहून आवरून राहिले? कोनं सांगतलं तुमाले?" तो बिचारा झाडू हातात घेऊन नुसता पाहत राहिला.

माझं माहेर दर्यापूरजवळच्या एका खेड्यात. आम्ही फुलांचे आणि भाज्यांचे लोक. झेंडू, शेवंती, वांगी, मेथी, जे त्या हंगामाचं असेल ते. कपाशीवाल्यांसारखा सगळा जीव एका पिकावर टांगलेला नसायचा, म्हणून लोक म्हणायचे, तुमचं बरं आहे बाप्पा. बरं होतंही. पण शेती बुडते तेव्हा काही एकटा शेतकरी बुडत नाही. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, बाजाराला जाणं सोडलं, लेकीबाळींना आणणं-नेणं सोडलं. मग जीपमध्ये कोण बसणार?

हे सांगते, कारण बाबांचे एकुलते एक जिवलग मित्र दर्यापूरच्या स्टँडवर जीप चालवत. आम्ही त्यांना जीपवाले मामा म्हणायचो. बाबांच्या फोनमध्येही त्यांचं नाव नुसतं 'जीप' एवढंच होतं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले आणि एकाच वर्षी शाळेतून पळालेले. पुढं कित्येक वर्षं आमची फुलं मामांच्याच जीपच्या टपावर चढून अमरावतीच्या बाजारात गेली आणि रिकामी पोती त्यांच्याच जीपनं परत आली. माणूस बडबड्या. फोन केला की ठेवायचा म्हणून नाही. लहानपणी त्यांनी दोन्ही घरांना जीपमध्ये कोंबून चिखलदऱ्याला नेलं होतं. घाटात एवढं धुकं उतरलं की पुढचं वळण दिसेना. आम्ही पोट्टे रडायला लागलो, आईनं देवाचं नाव सुरू केलं, आणि मामा हॉर्न वाजवत म्हणत होते, "कोनी भेवू नका रे, मी आहो ना!"

त्या मामांनी दसऱ्याच्या तोंडावर जीव दिला. कसा, ते मी सांगणार नाही. त्या वर्षांत आमच्याकडे ते कुणी विचारायचंही नाही.

बाबा मयतीला गेले, परत आले, अंघोळ केली आणि वावरात जाऊन फुलं तोडायला बसले. तेव्हापासून ते जे गप्प झाले ते झालेच. मी अकोल्याहून रोज संध्याकाळी फोन करायची. "जेवले काय बाबा?" "हाव." "तब्येत?" "बरी हाये." "बरं, ठेवू?" "ठेव." एवढंच. आईला विचारलं की म्हणायची, "तो माणूस कवा बोलत होता वं?" पण ती घाबरली होती. मला ठाऊक होतं, कारण फोनमध्ये मागं भांडी वाजत असायची.

आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही दोघी एकमेकींशीही बोललो नव्हतो. त्या वर्षांत आमच्या भागातल्या बायांनी आपसूक एक रीत पाडून घेतली होती. फवारणीचं औषध लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप आणि चावी बाईच्या कमरेला. मीटिंग नाही, ठराव नाही. शेजारणीच्या कमरेला चावी दिसली की आपण काही न विचारता बाजारातून कुलूप आणायचं. नवरा म्हणायचा, फवारायचं आहे, चावी दे. बाई म्हणायची, चला, मीही येते. पंप भरेपर्यंत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहायची आणि बाटली घेऊन परत यायची. पुरुषांना कळत नव्हतं असं थोडंच आहे! पण तेही काही बोलायचे नाहीत.

तर ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी लोक सोनं घ्यायला जात असतील, आमच्याकडे पितर जेवायला येतात. मातीची नवी घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा आणि घरातल्या गेलेल्याच्या नावानं एका जित्या माणसाला पाटावर बसवायचं. त्याला पितर म्हणायचं, पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाढायचा. तो पोटभर जेवला म्हणजे गेलेला जेवला. आमच्या घरी आजोबांच्या नावानं दरसाल चुलत काका बसतात. बाबा स्वतः वाढतात. बाबांनी वाढलं नाही अशी एकही आखाजी मला आठवत नाही.

मी सकाळच्या बसनं अकोल्याहून निघाले. पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. आई चुलीपुढं बसून पुरण घोटत होती.

"आली काय? हात धू अन् पोळ्यायले लाग."

"बाबा कुठी गेले?"

"गेले. सकायीच घागर भरली, नैवेद्य ठेवला अन् निघाले. सांगून जाईन तं तो तुया बाप कसला?"

"आजच्या दिवशी? काकाले वाढीन कोन?"

"तूच वाढ आता."

मी बाबांना फोन लावला. बंद. मग पाहते तर फोन घरातच, देवाच्या फळीवर, धुतलेल्या रुमालात नीट गुंडाळून ठेवलेला. माणूस आपला फोन कुठंही टाकतो. रुमालात गुंडाळून देवापाशी कोण ठेवतं?

मी तो चालू केला. पांढरा पडदा आला आणि त्यावर 'नमस्कार'. मग तेच दुसऱ्या भाषेत, मग तिसऱ्या. मग विचारलं, तुमची भाषा निवडा.

हा फोन मीच बाबांना दिला होता. मीच त्यात माझ्या पोरीचे फोटो भरले होते, आईचा आणि म्हशीचा फोटो होता, फूलबाजाराच्या भावाचा ग्रुप होता, नातेवाइकांचे नंबर होते. त्यातलं काहीच नव्हतं. कुणाचा तरी नवाकोरा फोन हातात आल्यासारखं वाटलं.

"आई, याले काय झालं?"

"काय झालं? काल दर्यापूरले नेल्ता, मोबाईलवाल्याजवळ. कंपनीतून आला तसा करून मांगतला म्हने."

"सगयं पुसलं? काहून?"

"मले काय समजते त्यातलं? अन् हे पाय, त्यातली चिप मायाजवळ देली." तिनं डब्याखालून कागदाची पुडी काढली. आत सिमकार्ड होतं. "म्हने, सांभाळून ठेव, उद्या मले लागत नाई."

उद्या मले लागत नाई. म्हणजे आज. मी चुलीपुढं तशीच खाली बसले.

आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. मी आईला नाही नाही ते बोलले. बाबा कसे दिसत होते? काय घातलं होतं? आणखी काय काय केलं या आठवड्यात? आई आधी चिडली, मग सांगायला लागली. काल कटिंग करून आले. आज दाढी केली. माझ्या लग्नातला पांढरा सदरा पेटीतून काढून घातला. "म्या म्हटलं, काय नवरदेव झाले काय? तं हासले." शेजाऱ्याचा फवारणीचा पंप किती महिन्यांपासून आमच्या गोठ्यात पडून होता, तो धुऊन-पुसून परत देऊन आले. आणि परवा हिवरखेडला गेले होते, आत्याकडे. आमच्या आत्याच्या पोराच्या लग्नात मानपानावरून वाजलं होतं, तेव्हापासून बाबांनी त्या गावाचा रस्ता सोडला होता. अकोटवरून दोन गाड्या बदलून गेले आणि त्याच दिवशी परत आले.

"कायले गेल्ते?"

"भेट्याले, म्हने."

मॅडमनी हॉलमध्ये सांगितलेलं एकेक माझ्या समोर येऊन बसत होतं. मी इतरांच्या घरी जाऊन दारात उभी राहून गोड आवाजात विचारायची, झोप लागते का दादा, जेवण जातं का? आणि इथं माझा बाप आवराआवर करत होता, तेव्हा मी रोज संध्याकाळी "ठेवू?" म्हणून फोन ठेवत होते.

"आई, चावी कुठी आहे?"

आईचा हात पुरणातच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. कसली चावी, असं ती म्हणाली नाही. भरल्या हातानंच तिनं कमरेला चाचपलं. चावी होती. तरी ती उठली, मागच्या खोलीत गेली, मी तिच्या मागं. पेटीला कुलूप होतं. तिनं उघडून पाहिलं, पुरणाचे हात कुलपाला लागले. बाटल्या जागच्या जागी होत्या. एकीनंही सुस्कारा सोडला नाही, कारण दुनियेत तेवढीच एक पेटी नव्हती.

आईनं एकही भांडं आपटलं नाही. याच्यानं मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

चूल तशीच टाकून आम्ही वावराकडे निघालो. आखाजीचं ऊन, रस्त्यावर काळं कुत्रं नाही. आई अनवाणीच. मी म्हटलं चप्पल तरी घाल, तर ऐकू गेलं नाही तिला. वाटेत मी बाबांना शिव्या देत होते. मोठ्यानं. आई म्हणाली, "नोको बोलू वं, आजच्या दिवशी नोको बोलू." मग मी गप्प झाले आणि गप्प होणं किती वाईट असतं, ते कळलं.

आमची विहीर वावराच्या टोकाला आहे. इंजिनच्या खोलीच्या पायरीवर बाबांची चप्पल होती. शेजारी-शेजारी ठेवलेली, तोंड विहिरीकडे. माझे पाय तिथंच थबकले. आई पुढं गेली. मी म्हणत होते, "आई, नोको पाहू, थांब, मी पाह्यतो," आणि एक पाऊलही टाकत नव्हते. आशाताई म्हणे! आई काठावर गेली, वाकली. आतून कबुतरं फडफडत वर आली तशी मी किंचाळले.

"काई नाई," आई म्हणाली. "पानी खाली गेलं. तळ दिसून राहिला." मग ती त्या चपलेजवळ आली आणि ती उचलून छातीशी धरली. "हे त्यायची वावरातली चप्पल होय. आज नवी घालून गेले ते. मीच काढून देली." असं म्हणून ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

पलीकडच्या वावरातली काकू रडणं ऐकून धुऱ्यावर आली. तिच्याही कमरेला चावी होती. तिनं काय झालं ते विचारलं नाही, एकदम विचारलं, "कवापासून नाई?" त्या वर्षांत आमच्याकडे प्रश्न असे सरळ मुद्द्यावर यायचे. मग तिनं सांगितलं, "मले दिसले ना सकायी. फाट्यावर उभे होते. हातात नवी घागर होती अन् पिशवीत झेंडू. दर्यापूरच्या जीपमधी बसले."

घागर तर आमच्या घरी भरून ठेवलेली होती. मग ही दुसरी कुणाच्या नावाची? आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं. दोघींच्याही मनात एकच आलं होतं आणि ते तोंडातून काढायचं नव्हतं.

फाट्यावर जीप मिळाली. मी आईचा हात धरला होता, तो पुरणानं चिकट होता आणि तिनं तो स्टँड येईपर्यंत सोडला नाही. दर्यापूरच्या स्टँडवर उतरले तशी मी पहिल्याच जीपवाल्याला विचारलं, पांढऱ्या सदऱ्यातले, हातात घागर असलेले कुणी पाहिले काय? तो म्हणाला, "फूलवाले ना? ते तं आमच्या उस्तादाच्या घरी गेले." आणि त्यानं हात दाखवला. मामांच्या घराकडे.

मेलेल्या दोस्ताच्या घरी, आखाजीच्या दिवशी, पांढरं घालून, दाढी करून, मागचं सगळं पुसून. त्या गल्लीतून मी पळाले. आई मागं राहिली. आयुष्यात मी तेवढी कधीच घाबरले नव्हते, बाळंतपणातही नाही.

मामांच्या घराचं दार उघडं होतं. मी आत शिरणार, तोच एक म्हातारी आडवी आली. मामींची नणंद ती. तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हाक नोको मारू. पितर जेवून राहिला."

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. भिंतीवर मामांचा फोटो, त्याला आमच्या वावरातल्या झेंडूचा हार. फोटोखाली नवी घागर. आणि घागरीपुढं पाटावर, माझ्या लग्नातला पांढरा सदरा घालून, मांडी घालून, माझे बाबा. जिते. बाप जिता दिसला म्हणून हायसं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटत होतं काय, तर हे त्या जागेवर काहून बसले? उठवा त्यांना. कुणीतरी उठवा.

मामांना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. पहिलीच आखाजी, आणि पाटावर बसायला कुणी नाही. म्हणून मामींनी बाबांना निरोप धाडला होता. दोस्त म्हणजे भाऊच. त्यांच्याकडची रीत अशी की पितर जेवायला बसला की उठेपर्यंत त्याला कुणी हाक मारायची नाही आणि त्यानंही बोलायचं नाही. हे सगळं त्या नणंदेनं माझ्या कानात सांगितलं. तोवर आईही येऊन माझ्या मागं उभी राहिली होती आणि माझा पदर घट्ट धरून होती.

मामी वाढत होत्या. पुरणपोळी, त्यावर तूप, वाटीत रस, कुरडई. बाबांनी घास मोडला, रसात बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि परत ताटात ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मामी समोर उभ्या. नणंद कुजबुजली, "अवं माय, पितर जेवत नाई." आमच्याकडे याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. पितर उपाशी उठला म्हणजे गेलेला उपाशी गेला.

आणि बाबा बोलले. रीत मोडून.

"वहिनी, त्यानं मले फोन लावल्ता त्या दिवशी. मी नाई उचलला."

मामींनी रसाचं पातेलं पोटाशी धरलं.

"दसऱ्याची तोड सुरू होती. फोन धुऱ्यावर होता. मी नाव पाह्यलं. म्हटलं, हा बोलत बसीन, मंग लावतो. परत वाजला. म्हटलं, मंग लावतो. मंग मी तोडतच राहिलो, वहिनी." बाबांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "रोज त्या फोनात खाली-खाली सरकवत जाऊन मी त्याचं नाव पाहून येवो. लाल अक्षरात. रोज. हिवरखेडच्या बहिणीले विचारलं, नात्यातला नाई तं चालते काय? तं ते म्हने चालते, पन पोटात काई ठेवून पाटावर बसू नोको, घास उतरनार नाई. मोबाईलवाल्याले म्हटलं, पुसून टाक. तो म्हने कोनाचं पुसू? आता त्या एकट्याचं पुस म्हनून कसं सांगू? म्हटलं, सगयंच पुस. कंपनीतून आला तसा कर. अन् चिपही घरीच ठेवून आलो." त्यांनी घास पुन्हा उचलून पाहिला. "तरी घास उतरत नाई, वहिनी."

माझ्या मागं आईनं तोंडात पदर कोंबला.

मामी खाली बसल्या, ताटासमोर. त्यांच्या हातात रसाचं पातेलं होतं, ते त्यांनी जमिनीवर ठेवलं. मला वाटलं आता या बोलतील, शिव्याशाप देतील, आणि बाबा ते घेऊन कुठं जातील देव जाणे. मी पुढं व्हायला निघाले, तर नणंदेनं माझं मनगट धरलं.

"मलेही लावल्ता, भाऊजी," मामी म्हणाल्या. "मी पोया करून राहिल्ती. फोन बाजूलेच वाजून राहिल्ता. हात पिठात होते. म्या म्हटलं, घरीच तं येऊन राहिला, काय उचला लागते." त्यांनी हात उलटे-सुलटे करून पाहिले. "कोनाले सांगतलं नाई म्या. पोरीयलेही नाई."

मग मामींनी पातेलं उचललं, बाबांच्या वाटीत रस ओतला, काठोकाठ.

"जेवा आता. तुमी उपाशी उठसान तं तो उपाशी जाईन."

बाबांनी घास उचलला. डोळ्यांतलं पाणी रसात पडत होतं आणि ते जेवत होते. पोळी संपली की मामी दुसरी वाढत होत्या. दोघंही रडत होते आणि मामी वाढायच्या थांबत नव्हत्या, बाबा खायचे थांबत नव्हते. पाटावरून उठल्यावर त्यांना दारात आम्ही दिसलो. बाबा म्हणाले, "तुमी काहून आल्या?" आणि मी, जी वाटभर शिव्या देत आले होते, मी त्यांच्या सदऱ्याला गच्च धरून भोकाड पसरलं.

परत जाताना आईनं जीपमध्ये त्यांना खूप झापलं. सांगून जाता येत नव्हतं? तोंड शिवलं होतं? बाबा म्हणाले, "सांगतलं असतं तं तू विचारलं असतं, मीच काहून? मंग सगयंच सांगा लागलं असतं." आईनं घरी गेल्यावर करपलेल्या पुरणाचं पातेलं असं काही आपटलं की शेजारी ऐकू गेलं. मला बरं वाटलं. चुलत काका केव्हाचे येऊन ओट्यावर बसले होते, भुकेनं आणि रागानं लाल झालेले. आमचे आजोबा त्या वर्षी दुपार कलल्यावर जेवले.

ऊन उतरल्यावर मी फोन घेऊन बसले. सिम टाकलं, भाषा निवडली. सगळं झाल्यावर फोननं विचारलं, जुनं ठेवलेलं परत आणायचं का? मी थांबले. बाबा बाजेवर बसले होते.

"बाबा, जुने नंबर परत येतात. सगये येतीन. आणू काय?"

ते बाजेची दोरी बोटानं ओढत राहिले. मग म्हणाले, "आन. त्याचाही येऊ दे."

नावं एकेक करून भरत गेली. आत्या, काका, जावई, जीप. कुणाचे फोन आले-गेले ते परत आलं नाही, नावं मात्र सगळी आली. बाबांनी 'जीप'वर बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

भीती एका दिवसात जात नाही. आईच्या कमरेची चावी पुढंही तिथंच राहिली. मी संध्याकाळी फोन करायची, त्यात "ठेवू?" म्हणणं सोडलं. ते ठेवतील तेव्हा ठेवतील. कधीकधी दोघंही काही न बोलता फोन कानाला धरून बसायचो, मागं आईची भांडी वाजायची.

दसऱ्याच्या तोडीला मी माहेरी गेले होते. सगळं वावर पिवळं, आम्ही सगळे ओळीनं बसून झेंडू तोडत होतो. बाबांचा फोन नेहमीसारखा धुऱ्यावरच्या लिंबाला, पिशवीत टांगलेला. तो वाजला. मी जवळ होते, म्हणून काढून पाहिला.

'जीप'.

भर उन्हात मी थिजले. वर्ष झालं होतं माणसाला जाऊन. आईनं माझं तोंड पाहिलं आणि उभी राहिली. "कोनाचा वं?" मी नुसता पडदा बाबांकडे वळवला.

एवढ्या लांबून त्यांना नाव दिसलं नसणार. माझं तोंड दिसलं असणार. त्यांनी हातातली फुलं टाकली आणि धावले. ओळी तुडवत, टोपलं लाथेनं उडवत, साठीचा माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. हात ओले, बोटांना पिवळा रंग. पडद्यावर बोट सरकेना. त्यांनी ते सदऱ्याला पुसलं, पुन्हा सरकवलं, फोन कानाला लावला.

पलीकडून मामींचा आवाज मलाही ऐकू आला. त्यांनी मामांचा नंबर बंद पडू दिला नव्हता. जीपवर ड्रायव्हर ठेवला होता, गाडी परत अमरावतीला जाणार होती. त्या विचारत होत्या, भाऊजी, फुलं कवा न्यायची?

बाबांना धाप लागली होती. ते फोन दोन्ही हातांनी धरून उभे होते आणि एकच म्हणत होते, "उचलला, वहिनी. उचलला मी."